भोपळ्याचे पैलू

"जगात दोनच गोष्टी टिकतात. एक दगड आणि दुसरी मैत्री. बाकी सगळी माती."

हे वाक्य मी आमच्या ऑफिसात, छातीवर हात ठेवून, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात म्हटलं. त्यावर टेबलाखालून यशवंत शिराळकर म्हणाला, "पंखा बंद कर मर्दा, धूळ डोळ्यात जायला लागलीय."

यशवंत टेबलाखाली नव्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडत होता. मी खुर्चीत बसून त्याला नैतिक बळ देत होतो. मिरजेत, स्टेशन रोडला, एका औषधाच्या दुकानावर आमची पाटी होती: मगदूम आणि शिराळकर, आर्किटेक्ट. मगदूम म्हणजे मी, सुकुमार. हे नाव मी पाळण्यात असताना ठेवलं गेलं. नंतर माझा जो आकार झाला त्याला आई जबाबदार नाही. इमारत मी काढायचो आणि यशवंत ती लोकांच्या गळी उतरवायचा. त्याचा आवाज असा होता की साध्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलला तरी ऐकणाऱ्याला आपल्या आजोबांची आठवण व्हायची.

"झालं," असं म्हणत तो टेबलाखालून बाहेर आला आणि गुडघे झटकले. "आता तुझी मूर्ती इथं बसव, आणि तो भोपळा या नव्या प्रोग्रॅममध्ये आण."

"जुन्यात काय वाईट आहे?"

"जुना तुझ्यासारखा आहे. त्याला रेघा कळतात, बाकी काही कळत नाही. नव्याला कळतं, ही भिंत आहे, हे दार आहे, ही खिडकी. न्यासाला फाईल नव्यातली हवीय. त्यांच्या पत्रकातच आहे तसं."

दोन्ही प्रोग्रॅमची नावं मी सांगत नाही. दोन्ही कंपन्यांकडे माझ्यापेक्षा चांगले वकील आहेत.

न्यास म्हणजे स्वरसाधक न्यास. त्यांना गावात गाण्यासाठी सभागृह बांधायचं होतं आणि त्याची स्पर्धा लावली होती. जागा एका व्यापाऱ्यानं मरताना दिलेली. पण अट अशी, की ठरल्या मुदतीत पाया पडला नाही तर जागा परत त्याच्या मुलांकडे. मुलं वडिलांच्या आठवणीनं इतकी व्याकूळ होती की त्या जागेवर किती गाळे बसतात ते त्यांनी आधीच मोजून घेतलं होतं.

मी मिरजेचा. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत गेलेला. दारोदारी वाळत घातलेले भोपळे, आतून कोरलेले, टिचकी मारली की बोलणारे. सभागृह काढायला बसलो तेव्हा हातानं आपोआप तोच आकार काढला. बाहेरून भोपळ्याची पाठ, आतून भोपळ्याचं पोट, आणि गाणारा तिथं बसणार जिथं तंबोऱ्याची, तारा पेलणारी घोडी असते. मी आयुष्यात बंगले काढले, दवाखाने काढले, एक मंगल कार्यालय काढलं, त्याच्यासमोरून मी अजून मान खाली घालून जातो. पण हा भोपळा माझा होता. तो उभा राहिला नसता तर मी नेमका कशासाठी आर्किटेक्ट झालो, हे मला घरी सांगता आलं नसतं. आणि माझी बायको पद्मा हे विचारणाऱ्यांपैकी होती.

तर, भोपळा इकडून तिकडे न्यायचा होता.

एका प्रोग्रॅममधली इमारत दुसऱ्यात सरळ जात नाही. मध्ये एक तिसऱ्याच प्रकारची फाईल लागते, दोघांनाही थोडी थोडी कळणारी. म्हणजे लग्नातला मध्यस्थ. इकडचं तिकडे सांगताना तो मुलाचं टक्कल विसरतो आणि मुलीचा स्वभाव. आम्ही बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला, आम्ही जाऊन भडंग खाऊन आलो, तरी तो घरघरतच होता. शेवटी पडद्यावर इमारत आली.

यशवंतनं पडद्यात नाक खुपसलं. मग म्हणाला, "सुकू, छप्पर कुठंय?"

छप्पर शोधावं लागलं. मागे मागे जात गेलो, सगळी इमारत मोहरीएवढी झाली, तेव्हा लांब कोपऱ्यात ते दिसलं. मिरज सोडून, कृष्णा ओलांडून, बहुधा अंकलीच्या उसात पडलेलं. खुर्च्या आल्या होत्या, पण सगळ्या भिंतीकडे तोंड करून, शिक्षा केल्यासारख्या. आणि माझी ती गोल भिंत, जिच्यावरून हात फिरवावासा वाटावा, ती सपाट फळ्यांच्या तुकड्यांची झाली होती. नव्या प्रोग्रॅमला गोल समजत नव्हतं असं नाही. मध्यस्थानं त्याला गोल असं सांगितलंच नव्हतं.

"भोपळ्याचा डबा झाला," मी म्हणालो.

"वाईट दिसत नाही पण," यशवंत मान वाकडी करून म्हणाला. "हिऱ्यासारखं दिसतंय."

"भोपळा हिऱ्यासारखा दिसायला लागला की सांभाराची आशा सोडावी."

आणखी एक गोष्ट आली नव्हती, ती मला तेव्हा सांगावीशीही वाटली नाही, इतकी ती माझ्या सवयीची होती. बाल्कनीचा जिना. जिना मी नेहमी शेवटी काढायचो, आणि कागदावर. जिना पायांनी ठरवायचा असतो, मी ऑफिसच्या पायऱ्या वरखाली करायचो, खालचा औषधवाला विचारायचा, "साहेब, डॉक्टरांनी सांगितलंय का?" कॉम्प्युटरमध्ये त्या जागी मी नुसत्या चार रेघा ओढून ठेवायचो. तिथं जिना आहे हे मला माहीत असायचं, आणि जगालाही माहीत असेल अशी माझी समजूत. चार सुट्या रेघांना मध्यस्थ कशाला विचारतो? त्यानं त्या वाटेतच टाकून दिल्या.

"तू याच्यात नको गुंतू," यशवंत म्हणाला. "पुण्याला माझा एक ओळखीचा आहे, त्याचा या कामात हात बसलाय. मी सीडी घेऊन जातो, नीट करून तिथूनच न्यासाकडे पाठवतो."

"मी येतो."

"तू कशाला? दोन माणसांचं जेवण त्याच्या बायकोला कशाला?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तीन माणसांचं."

आम्ही हसलो. सीडी त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरून नेली. मला ते फार बरं वाटलं होतं. इमारत अशीच न्यावी, लेकरासारखी.

तो परत आला तेव्हा दारात उभा राहिला, आत येईना. चेहरा असा की मला वाटलं घरी कुणी गेलं.

"मुदत गेली, सुकू."

"कसली?"

"फाईल उघडलीच नाही रे. त्यानं डोकं आपटलं, मी आपटलं. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो. नाही म्हणजे नाही उघडली." तो खुर्चीत बसला आणि तळव्यांनी डोळे झाकले. "तुझा भोपळा मी घालवला."

आता माणूस असा समोर बसला तर काय करावं? मी माझं दुःख बाजूला ठेवलं आणि त्याचं हातात घेतलं. "अरे, यंत्र आहे ते," म्हणालो. "तू काय करणार?" त्याला उठवला, स्कूटरवर मागे बसवला आणि नरसोबाच्या वाडीला नेला. देवदर्शन झालं. मग त्याला बासुंदी पाजली. तो नको नको म्हणत दोन वाट्या प्याला. तिसरी मी आग्रहानं पाजली. परत येताना तो माझ्या पाठीवर डोकं टेकून रडलासुद्धा. ते रडणं खरं होतं असं मला आजही वाटतं. कशाबद्दल होतं, एवढंच ओळखायला मी चुकलो.

पद्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "उघडली नाही म्हणजे काय? तुम्ही बघितलीत का, न उघडलेली?"

"न उघडलेली फाईल बघायची कशी?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

थोड्याच दिवसांत यशवंत म्हणाला, त्याला पुण्याला एका मोठ्या फर्ममध्ये बोलावतायत. इथं त्याला आता तोंड दाखवायला लाज वाटते, माझ्याकडे बघवत नाही. मी खूप समजावलं. शेवटी निरोप समारंभ केला. औषधवाला आला, पलीकडचा झेरॉक्सवाला आला. मी त्याला शाल घातली आणि भाषण केलं. दगड आणि मैत्रीचं वाक्य त्यात पुन्हा घातलं. या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पेपरात आलं, की न्यासानं निवडलेल्या चार रचनांचं जाहीर सादरीकरण हायस्कूलच्या हॉलमध्ये, सर्वांना प्रवेश. मी गेलो. आपल्या मुलीला नकार दिलेल्या मुलाचं लग्न कसं होतंय ते बघायला बाप जातो, तसा गेलो आणि मागच्या रांगेत बसलो.

पहिली दोन सादरीकरणं एकजात काचेची होती. मिरजेच्या उन्हात काचेत बसून गाणं ऐकायचं, म्हणजे भैरवीपर्यंत श्रोते शिजून निघणार. मला जरा समाधान वाटलं. तिसऱ्या वेळी पुण्याच्या फर्मचं नाव पुकारलं आणि व्यासपीठावर, नवा कोट घालून, यशवंत चढला.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. मी हातसुद्धा वर केला होता. मग पडद्यावर चित्र आलं आणि हात तिथंच राहिला.

माझा भोपळा होता. तुकड्या-तुकड्यांचा, डबा झालेला. छप्पर उसातून आणून बसवलं होतं, खुर्च्या वळवल्या होत्या. बाकी जसाच्या तसा.

"मिरज म्हणजे तंबोरा," यशवंत म्हणाला, आणि हॉल गप्प झाला. काय आवाज होता हो त्याचा! "मी या गावच्या गल्ल्यांतून फिरलो. दारोदारी वाळणारे भोपळे पाहिले. टिचकी मारून पाहिली." हे मी त्याला सांगितलं होतं. तो इस्लामपूरचा. "पण नुसता भोपळा काढणं म्हणजे नक्कल. म्हणून आम्ही त्याला पैलू पाडले. आपल्या संगीतात बावीस श्रुती. तसे हे बावीस पैलू. प्रत्येक पैलू एकेक श्रुती परतवतो."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. मी बसल्या जागी तुकडे मोजले. चोवीस होते. वरच्या दोन श्रुती त्यानं कुठं लपवल्या देव जाणे.

शेजारच्या माणसानं मला विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे," मी म्हणालो. "उघडली एकदाची."

मग प्रश्न सुरू झाले. न्यासाच्या अध्यक्ष आरवाडेबाई. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर गावातले आमदारसुद्धा हात मागे बांधून उभे राहायचे. त्यांनी चष्मा पुढे ओढून पडद्याकडे पाहिलं.

"शिराळकर, बाल्कनी छान आहे. तिथं माणसं जाणार कशी?"

यशवंत हसला. "बाई, तिथं साधारण—"

"साधारण नको. कुठून?"

त्यानं चित्र फिरवलं. पुढून, मागून, वरून. बाल्कनी होती, लोक होते, जिना नव्हता. नव्या प्रोग्रॅममधली ती छोटी कागदी माणसं वर कठड्याला टेकून मजेत उभी होती.

"लिफ्ट आहे," तो म्हणाला.

"दाखवा."

"म्हणजे देता येईल."

"आणि वीज गेली की?"

मागून कोणीतरी ओरडलं, "शिडी घेऊन या म्हणावं!" दुसरा म्हणाला, "तिकिटाबरोबर दोरी द्या!" हॉल हसायला लागला. व्यापाऱ्याची दोन मुलं एका बाजूला बसली होती, ती सगळ्यात मोकळेपणानं हसत होती.

तेव्हा यशवंतनं मला पाहिलं.

मी उठलो. मनात वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं, हा माणूस चोर. छाती भरून श्वास घेतला. पण ते लोक हसत होते ते त्याला नव्हे. भोपळ्याला हसत होते.

"जिना बाहेरून आहे," मी म्हणालो.

माना वळल्या.

"भोपळ्याच्या पाठीला बिलगून वर जातो. डाव्या अंगानं. पायऱ्या बुटक्या ठेवल्यात, गाणं ऐकायला येणारी माणसं वयस्क असतात. मध्ये एक रुंद टप्पा आहे, तिथं खिडकी. मध्यंतरात तिथं थांबायचं. आत तंबोरे जुळवत असतील तर तिथं भिंतीला कान लावला की ऐकू येतील."

हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. आरवाडेबाईंनी चष्मा काढला. "भिंतीला कान लावला की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला, "आपण कोण?"

मी तोंड उघडलं. पण माझा आवाज मुळात लहान, आणि यशवंतच्या हातात माईक.

"हे श्री. सुकुमार मगदूम. मिरजेतले आमचे ज्येष्ठ स्नेही," तो म्हणाला, आणि आवाज असा भरून आला की मलाच गहिवरलं. "या कामात त्यांचं आम्हाला फार प्रोत्साहन होतं."

टाळ्या झाल्या. प्रोत्साहनाबद्दल मला आयुष्यात तेवढ्या टाळ्या पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

बाहेर सायकल स्टँडपाशी तो माझ्या मागे धावत आला.

"सुकू, वाचवलंस रे."

"तुला नाही वाचवलं."

"ऐक की. तिकडं एकालाच जागा होती. आणि काहीतरी घेऊन ये म्हणाले. मी काय नेणार होतो? माझ्याकडे दुसरं काय होतं सांग."

"तू म्हणालास फाईल उघडली नाही."

"इकडं नव्हतीच उघडली," तो म्हणाला. "तिकडं उघडली."

असं प्रामाणिक उत्तर आल्यावर माणसानं काय बोलावं? मी स्कूटरला किक मारत राहिलो. ती पण चालू होईना.

"मी तुला बासुंदी पाजली," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"तीन वाट्या."

"तिसरी मला नको होती," तो खाली बघत म्हणाला. मग सावकाश, "तक्रार कर. मूळ फाईल तुझ्याकडे आहे, तू जिंकशील. पण न्यास घाबरेल. सगळं थांबेल, जागेची मुदत जाईल, आणि तिथं गाळे येतील. मी त्यातलं काही करत नाहीये, सुकू, फक्त सांगतोय."

त्याच्या पलीकडे व्यापाऱ्याची मुलं गाडीत बसत होती. थोरला अजून हसत होता.

"पैलू काढ," मी म्हणालो.

"काय?"

"भिंत गोल कर. बाकी मला काही नको."

"अरे, बावीस श्रुती सांगून बसलोय मी!"

"मग सांग, श्रुती वितळल्या."

घरी आलो. पद्मानं सगळं ऐकून घेतलं. "तुमच्याकडे पुरावा आहे, तोंड आहे, आणि गप्प बसून आलात?"

"बोललो की. जिन्याबद्दल बोललो."

ती वाढायला उठली. जेवताना एकदाच म्हणाली, "गोल होणार ना पण?"

न्यासानं भोपळाच निवडला, आणि जिना मीच काढून पुण्याला पाठवला. तेवढ्यासाठी तो नवा प्रोग्रॅम शिकलो. या खेपेला त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा, हा जिना आहे, ही पायरी आहे, हा कठडा. मध्यस्थ ठेवलाच नाही. ऑफिसची पाटी बदलायला लागली, तेव्हा रंगाऱ्यानं 'आणि' पुसायचं राहून गेलं. कित्येक वर्षं आमची पाटी 'मगदूम आणि' अशी होती.

सभागृह बांधून झालं. उद्घाटनाला न्यासाचं पत्रक आलं, त्यात माझं नाव होतं, निमंत्रितांत. मी आणि पद्मा गेलो. भिंत गोल होती. मी आत शिरण्याआधी तिच्यावरून हात फिरवला, आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून. पद्मा बघत होती. तिनंही फिरवला. आत यशवंतचा सत्कार झाला, नारळ, शाल, फेटा. तो भोपळ्यांबद्दल बोलला आणि पुन्हा लोकांचे डोळे भरून आले. नंतर गाणं झालं. आवाज त्या पोटात असा घुमला की मला श्वास घ्यायचं सुचेना.

मध्यंतरात मी एकटाच जिन्याच्या टप्प्यावर जाऊन उभा राहिलो. आत तंबोरे जुळवत होते. भिंतीला कान लावला. ऐकू येत होते.

तेवढ्यात खालून यशवंत आला. फेटा तिरपा झालेला, हातात नारळ, चेहरा घामेजलेला. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघंच समोरासमोर होतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं की काय असं वाटलं. तो काहीतरी बोलायला बघत होता, आणि त्याच्यासारख्या माणसाला शब्द सापडत नव्हते.

मी मनातल्या मनात तयार झालो. असू दे रे, म्हणायचं ठरवलं. इमारत झाली ना, एवढंच म्हणायचं.

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सुकू," तो म्हणाला, "इथं बाथरूम कुठंय रे? मगापासून शोधतोय. आणि मला कुणाला विचारता येत नाही."